चंद्रबिंदू खालच्या ओळीत

माझ्या थोरल्या भावाला मी मारलं नाही. हे आमच्या गल्लीत एकेकाला सांगून माझा घसा बसलाय. त्याला मारलं कुंडूबाबूंच्या छापखान्याने, आणि तेही एका सिनेमापायी. तरी लोक माझ्याकडेच बघतात आणि मान हलवतात. सगळं ऐकून तुम्हालाही मान हलवायची असेल तर हलवा, पण निदान शेवटपर्यंत थांबा.

सिनेमा बंगाली होता. रहस्यपट. विषय, त्यांचा मृत्यू. 'त्यांचा' म्हणजे कोणाचा, हे आमच्या गंगेकाठच्या पानिहाटीत कोणी विचारत नाही. विमान पडलं की नाही, पडलं तर ते त्यात होते की नव्हते, नव्हते तर मग गेले कुठे, ह्यावर चहा थंड करणारी ही आमची तिसरी पिढी. दर जानेवारीत शंख फुंकून त्यांची जयंती होते. पुण्यतिथी कधीच होत नाही. पुण्यतिथीला तारीख लागते, आणि तारखेवरून आमच्याकडे डोकी फुटतात.

तर यंदाच्या जयंतीला क्लबाच्या पटांगणात पडदा बांधून हा सिनेमा दाखवावा, एवढंच माझ्या मनात आलं. त्यात वाईट काय होतं, सांगा. मी नवयुवक संघाचा चिटणीस आहे. संघातल्या सगळ्यात धाकट्या नवयुवकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं, त्यामुळे काही हालचाल करायची तर ती मलाच करावी लागते. शिवाय हिवाळ्यात गंगेवरून धुकं आलं की मला उगाचच सगळं संपल्यासारखं वाटायला लागतं. काहीतरी उद्योग असलेला बरा, असा माझा हिशेब.

"तुम्ही काही करायला जाऊ नका," आमची बायको, मंदिरा, म्हणाली. "तुम्ही दुधाची पिशवी आणायला गेलात तरी दारात पोलीस येतात."

पोलीस एकदाच आला होता आणि तो घर चुकला होता. पण मंदिराच्या लेखी त्याने काही फरक पडत नाही.

बौदींना मात्र कल्पना आवडली. बौदी म्हणजे माझ्या दादाची बायको, निभा. आम्ही एकाच घरात राहतो, चूलही एकच. हल्ली कोणी दिराला ठाकुरपो म्हणत नाही, त्या अजून म्हणतात. म्हणाल्या, "ठाकुरपो, कार्डावर ह्यांचं नाव घालाल? जयंतीला पडदा बांधून सिनेमा दाखवायची टूम मुळात ह्यांनीच काढली होती ना?"

"अहो, घालणारच," मी म्हटलं. "कल्पना, सुधांशु समाद्दार. दुसऱ्या ओळीत. ठळक."

आता दादाबद्दल सांगायला हवं. तो शाळेत इतिहास शिकवायचा आणि 'ते' जिवंत आहेत ह्यावर त्याची श्रद्धा होती. उत्तरेकडे एका गावात कोणी मौनी साधू आहे, पडद्याआडून दर्शन देतो, इंग्रजी पेपर वाचतो, हे त्याच्या कानावर आलं. झालं. एका थंडीत कानटोपी, मफलर आणि दम्याची औषधं घेऊन निघाला. तिथून एकदा फोन आला. "पोचलो. साधू मौनात आहेत. बोलले की कळवतो." तो शेवटचा फोन. साधू पुढे बोलले. ते ओडिशातले निवृत्त कंपाउंडर निघाले. पण तोवर दादा तिथून निघाला होता. कुठे, ते कोणालाच सांगता आलं नाही. मी तीनदा जाऊन आलो. धर्मशाळा पाहिल्या, इस्पितळं पाहिली, आणि जिथे बघायला नको तिथेही बघून आलो. ह्याला आता बारा वर्षं होत आली.

म्हणजे तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या गल्लीत बेपत्ता माणसं दोन. एकावर वाद घालायचा आणि दुसऱ्याचा विषय काढायचा नाही, असा सगळ्यांचा अलिखित करार होता. बौदींच्या हातात शंखाच्या बांगड्या होत्या, भांगात सिंदूर होता, ताटात मासा होता, तोही आमच्याकडे सवाष्णीलाच चालतो. करार ठीक चालला होता.

मी कार्यक्रमाच्या परवानगीला ठाण्यावर गेलो. तिथे गाएन नावाचे दरोगा होते. त्यांना सर्दी झाली होती आणि ती माझ्यामुळे झाली असावी अशा नजरेने ते माझ्याकडे बघत होते.

"कार्यक्रम कसला? जयंती की श्रद्धांजली?"

"जयंती."

"आणि सिनेमा कशावर आहे?"

"त्यांच्या मृत्यूवर."

"जयंतीला मृत्यू दाखवणार? म्हणजे ते गेले असं संघाचं म्हणणं आहे?"

"संघाचं काही म्हणणं नाही. ते गेले की नाही, हेच सिनेमात शोधलंय."

"मग आधी शोध लागू द्या, मग या," गाएनबाबू म्हणाले आणि शिंकले.

मी हात जोडले. चहा मागवला. शेवटी त्यांनी 'सांस्कृतिक कार्यक्रम' असं लिहून घ्यायचं कबूल केलं आणि आयोजकांची नावं विचारली. मी मूर्खासारखं दादाचंही नाव सांगितलं.

"ह्यांची सही?"

"ते नाहीत."

"नाहीत म्हणजे वारले?"

"नाही, म्हणजे... बेपत्ता आहेत."

गाएनबाबूंनी पेन खाली ठेवलं. "समाद्दारबाबू, तुम्ही सिनेमाची परवानगी मागायला आलात की तक्रार नोंदवायला?" मग त्यांनी हवालदाराला आत पाठवलं. बऱ्याच वेळाने तो धूळ झटकत बाहेर आला आणि म्हणाला, "तक्रार आधीची आहे, सर. शोध चालू आहे."

"ऐकलंत? चालू आहे," गाएनबाबू म्हणाले.

"कोण करतंय शोध?" मी विचारलं.

हवालदाराने पुन्हा आत डोकावून विचारलं. ज्यांच्याकडे काम होतं ते निवृत्त होऊन गावी गेले होते. शोध मात्र चालू होता. परवानगी मिळाली, ती खिशात घालून मी बाहेर आलो आणि बराच वेळ सायकल कुठे लावली तेच मला आठवेना.

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण कार्ड छापायची वेळ आली आणि त्याबरोबर चंद्रबिंदू.

तुमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कै.' लिहितात. आमच्याकडे चंद्रबिंदू काढतात, एक चंद्रकोर आणि वर टिंब. नावाआधी तो दिसला की माणूस गेला, आणखी काही लिहावं लागत नाही. आता पत्रिकेवर 'त्यांच्या' नावाआधी चंद्रबिंदू घालायचा की नाही?

संघात दोन पक्ष आहेत. 'आहेत' पक्षाचे पुढारी लाहिरीमोशाय, मोशाय म्हणजे महाशय. ऐंशीच्या घरातले, रोज पहाटे गंगेत डुबकी मारतात आणि दिवसभर खोकतात. 'गेले' पक्षाचे पुढारी होमिओपॅथ पोद्दार, त्यांना प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो, स्वतःच्या औषधाचा सोडून. पहिल्या बैठकीला लाहिरीमोशाय भाचीच्या लग्नाला गेलेले. पोद्दारांनी ठराव करून घेतला, चंद्रबिंदू घालायचा. मी कुंडूबाबूंना तसं सांगून आलो. लाहिरीमोशाय लग्नाहून परतले ते पोटात रसगुल्ले आणि डोक्यात संताप घेऊनच.

"सव्वाशे वर्षांच्या योग्याला तुम्ही छापखान्यात मारता? लाज नाही वाटत?"

"सव्वाशे वर्षं कोण जगतं, मोशाय?" पोद्दार म्हणाले.

"तुमचं औषध न घेणारा!"

दुसरी बैठक. तिसरी बैठक. कोणीतरी तोडगा काढला, चंद्र राहू द्या, बिंदू काढा. म्हणजे अर्धे गेले. ह्या तोडग्यावर मतदानही झालं, सांगायला लाज वाटते, पण झालं. शेवटी ठरलं, काहीच नको, त्यांचं नाव उघडं राहील. तोवर मी छापखान्याच्या इतक्या खेपा घातल्या होत्या की कुंडूबाबूंचा कुत्रासुद्धा माझ्यावर भुंकायचा थांबला होता. मी त्यांना फोन केला. कुंडूबाबूंना एका कानाने कमी ऐकू येतं, आणि फोन ते त्याच कानाला लावतात.

"वरच्या ओळीतला चंद्रबिंदू काढा," मी ओरडलो.

"काढतो. मग ठेवू कुठे?"

"ठेवायचा कशाला?"

"परवा तुम्हीच म्हणालात ना, चंद्रबिंदू पाहिजेच, ठराव आहे!"

माझं पित्त खवळलं. "कुठेही ठेवा हो! खाली ठेवा, तुमच्या टकलावर ठेवा, पण वरच्या ओळीत नको!"

आणि मी फोन आपटला. आयुष्यात माणूस किती ठिकाणी ओरडतो, त्यातलं एकही ओरडणं कोणी मनावर घेत नाही. नेमकं हे घेतलं.

कार्डं आली त्या दिवशी मी विजेच्या जोडणीसाठी दिवसभर वीज कचेरीच्या बाकावर बसलो होतो. गठ्ठा पोद्दारांनी सोडला, वरची ओळ पाहिली, चंद्रबिंदू नाही हे बघून तोंड वाकडं केलं आणि खालच्या ओळीकडे न बघताच वाटायला दिला. संध्याकाळी मी घरी आलो तर दारात लाहिरीमोशाय. हातात सफरचंदाची पिशवी आणि चेहरा दुखवट्याला आल्यासारखा.

"शीतू," माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "शेवटी धीर केलास. बरं केलंस बाबा. कळलं तरी कसं?"

"काय कळलं?"

त्यांनी खिशातून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. वरच्या ओळीत त्यांचं नाव, स्वच्छ. खाली, ठळक, 'कल्पना', आणि दादाच्या नावाआधी चंद्रकोर आणि टिंब. कुंडूबाबूंनी मोठ्या हौसेने छापलं होतं, जरा नक्षीदार.

"ही छपाईची चूक आहे!" मी म्हटलं.

"असं म्हणतोस?" लाहिरीमोशाय म्हणाले. "पण चूक तरी कुठे आहे?"

"मोशाय, सव्वाशे वर्षांचे ते हयात आहेत आणि माझा साठीतला भाऊ गेला? हे कुठलं शास्त्र?"

"त्यांची गोष्ट वेगळी रे. ते योगी. सुधांशुला साधा दमा होता."

असं म्हणून सफरचंदं माझ्या हातात देऊन ते खोकत निघून गेले. सफरचंदं कोणासाठी हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बौदींना कळता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दाढीचं ब्लेड घेतलं आणि बाहेर पडलो. घरोघरी जायचं, कार्ड मागायचं, ब्लेडने दादाच्या नावाआधीचा चंद्रबिंदू खरवडायचा आणि कार्ड परत द्यायचं. एका माणसाला जिवंत करायला फार वेळ लागत नाही, कागद चांगला असला तर. पण कागदच हलका होता. जिथे जास्त खरवडलं तिथे भोक पडायचं, आणि ज्यांच्या कार्डाला भोक पडलं ते तक्रार करायचे. एका घरी तर कार्डावर आधीच वांग्याची भजी ठेवली होती. "थांबा, संपवतो, मग खरवडा काय खरवडायचं ते," म्हणाले.

आणि सल्ले! कार्ड हातात घेतलं की प्रत्येकजण सल्ला द्यायचा. भट्टाचार्य पुरोहित म्हणाले, बारा वर्षं भरतातच आहेत, कुशाच्या गवताचा पुतळा करू, अग्नी देऊ, मोकळे व्हा. दुकानदार साहाबाबू म्हणाले, "पेन्शनचं काम अडलं असेल ना? मग राहू द्या की चंद्रबिंदू, सोयीचा आहे." मल्लिकबाईंनी बौदींसाठी डाळीच्या वड्यांची भाजी झाकून ठेवली होती. माशाशिवायची. "आता त्यांना मासा कसा चालेल?" म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

"चालेल!" मी ओरडलो. "रोज चालतो! आजही खाल्ला!"

भांडं मात्र त्यांनी माझ्या हातात कोंबलंच. एका हातात ब्लेड, दुसऱ्यात भाजी, काखेत सफरचंदं, असा मी गल्लीत हिंडत होतो. समोरून पोद्दार आले. मला वाटलं, हे 'गेले' पक्षाचे, आता हेही सांगणार.

"कोण म्हणतं सुधांशु गेला?" पोद्दार तावातावाने म्हणाले. "मृतदेह पाहिलाय कोणी? डॉक्टरचा दाखला आहे? माझ्या औषधाने त्याचा दमा गेला होता. मरेल कशाने?"

मी तिथेच रस्त्यावर त्यांच्या पाया पडलो असतो, पण हातात भाजी होती.

घरी आलो तेव्हा बौदी स्वयंपाकघरात विळीवर मासा कापत बसल्या होत्या. मंदिरा कुठेतरी बाहेर गेली होती. मी भांडं पाठीमागे लपवलं. ते लपण्यासारखं नव्हतं, डाळीच्या वड्यांना वास येतो.

"मल्लिकबाईंनी दिलं का?" बौदींनी वर न बघता विचारलं.

"हो. म्हणजे, उगाच. त्यांच्याकडे उरलं होतं."

"ठेवा तिथे. आणि ते ब्लेड नीट ठेवा, बोट कापेल." मग चिरलेला तुकडा पाण्यात टाकून म्हणाल्या, "कार्ड मी सकाळीच पाहिलं. लाहिरीकाकू घेऊन आल्या होत्या, आधी गळ्यात पडून रडल्या आणि मग दाखवलं."

मी कुंडूबाबू, फोन, कान, टक्कल, सगळं एकदम सांगायला लागलो. त्या ऐकत होत्या आणि मासा धूत होत्या.

"ठाकुरपो, मला कोणता मासा आवडतो, सांगा बघू?"

"इलिश," मी म्हटलं. हे तर कोणीही सांगेल.

"इलिश तुमच्या दादांना आवडायचा. मला त्याचे काटे काढायचा कंटाळा येतो. मला पाबदा आवडतो, लहान, काळ्या जिऱ्याच्या रश्श्यातला." त्यांनी हात पुसले. "हे गेल्यापासून सासूबाई रोज माझ्या ताटात बघायच्या. मासा संपला का. संपला म्हणजे त्यांचा मुलगा जिवंत. त्या गेल्या, मग मंदिरा बघायला लागली. मग तुम्ही. ताप आला तरी मी कधी तुकडा टाकला नाही. टाकला असता तर तुम्हाला झोप लागली नसती. खरं की नाही?"

खरं होतं.

"मग तुम्हाला काय वाटतं, बौदी? दादा..."

"बारा वर्षांत हे तुम्ही पहिल्यांदा विचारताय." बौदी जरा हसल्या, पण ते हसणं बघवेना. "तुम्ही शोधायला गेलात, तीनदा गेलात, उन्हातान्हात फिरलात. मला कोणी विचारलं नाही. मला वाटतं ते गेले. त्याच वर्षी गेले. जिवंत असते तर त्यांनी फोन केला असता. मौनी साधूबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय तो माणूस राहिला असता का?"

मी पाटावर बसलो. इतकी वर्षं दादाचं असणं मी बौदींसाठी जपतोय असं समजत होतो. त्या माझ्यासाठी जपत होत्या. दादा मला हवा होता हो. अजूनही हवा आहे. दारावर कोणी टकटक केलं की आजही सगळ्यांच्या आधी मीच धावतो.

"पण खात्री कुठे आहे?" मी म्हटलं.

"नाहीच. खात्रीची वाट बघत बसले तर मीही ह्या गल्लीसारखी होईन. विमान पडलं की नाही, पडलं की नाही." त्यांनी कढई चुलीवर ठेवली. "आणि ऐका. मासा मी सोडणार नाही. पुरोहित काही म्हणोत आणि मल्लिकबाई काही आणोत. आता मला भूक लागली म्हणून खाणार. बांगड्यांचं मी माझं बघेन. तुम्ही एकच करा. उद्या माइकवर तुम्ही बोलणार ना? मग ह्यांचं नाव नीट घ्या."

"नीट म्हणजे? श्री की स्वर्गीय?"

"तुम्हाला जे खरं वाटतं ते," त्या म्हणाल्या आणि तेल तापलंय का ते बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मला अन्न गेलं नाही. 'श्री' म्हटलं की बौदींना पुन्हा त्या ताटापुढे बसवायचं. 'स्वर्गीय' म्हटलं की दादाला माझ्या तोंडाने मारायचं, आणि तेही माइकवर. कुंडूबाबूंनी निदान चुकून केलं होतं.

संध्याकाळी पटांगण भरलं. धुकं उतरलं होतं, पडदा ओलसर झाला होता. 'आहेत' पक्ष डावीकडे बसला, 'गेले' पक्ष उजवीकडे, मधून वाट, भांडण झालं तर पळायला. गाएनबाबू बंदोबस्ताला म्हणून आले आणि पहिल्या रांगेत शाल गुंडाळून चहा घेऊन बसले. बौदी बायकांच्या पुढच्या खुर्चीवर होत्या, शेजारी मंदिरा.

मी माइकसमोर उभा राहिलो. आधी त्यांचं नाव घेतलं, उघडं, ठरल्याप्रमाणे. दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या, कारण दोघांनाही वाटलं आपणच जिंकलो. मग मी म्हटलं, "आणि ह्या कार्यक्रमाची कल्पना ज्यांची..." आणि पुढचा शब्द येईना. माइक शिट्टी मारायला लागला.

"स्वर्गीय म्हण, शीतू! घाबरू नकोस!" डावीकडून लाहिरीमोशाय ओरडले.

"का म्हणून?" पोद्दार उठले. "श्री म्हणा! पुरावा काय?"

"बारा वर्षं पुरावा नाही का?"

"तुमच्या त्यांना तर इतकी वर्षं झाली, तिथे हा पुरावा चालत नाही वाटतं?"

"त्यांची गोष्ट वेगळी!"

आणि बघता बघता दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. कोणी म्हणे, बनारसला एकाने सुधांशुबाबूंना पाहिलं, दाढी होती. कोणी म्हणे, छे, तो दुसराच मास्तर. कोणी म्हणे, आश्रमात चौकशी केली पाहिजे. इतकी वर्षं ज्याचा विषय काढायचा नव्हता त्याच्यावर आता सगळे तुटून पडले. बौदी दोन पावलांवर बसलेल्या आणि ह्या लोकांनी माझ्या दादाचं रहस्य करून टाकलं! मी पडद्याकडे बघितलं, तर तो कोरा, सिनेमा सुरूच झाला नव्हता.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"गप्प बसा!" मी माइकमध्ये ओरडलो. गाएनबाबूंचा चहा सांडला. "एक शब्द बोलू नका. तो तुमचा वादाचा विषय नाही. तो माझा भाऊ होता."

होता. तो शब्द निघून गेल्यावर मला ऐकू आला. मी बौदींकडे बघितलं. त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. मान हलवली नाही, काही खूण केली नाही.

"ह्या कार्यक्रमाची कल्पना," मी म्हटलं, आणि माझा आवाज फाटला, फाटू दे, "माझे थोरले बंधू, स्वर्गीय सुधांशु समाद्दार यांची."

आणि मी रडलो. माइकवर, चिटणीस असून, सगळ्यांदेखत. बारा वर्षांचं एकदम आलं, थांबवता येईना. आधी पोद्दार उभ्याउभ्या कानटोपी काढून हातात धरून राहिले. मग लाहिरीमोशायांनी काढली. मग मागून एकेक करत जे बसले होते तेही उठले, बायकासुद्धा, गाएनबाबूसुद्धा. कोणी सांगितलं नव्हतं.

बौदी तेवढ्या बसून राहिल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, मग मागे वळून सगळ्या उभ्या गर्दीकडे पाहिलं.

"बसा बघू सगळे," त्या म्हणाल्या. "मागच्यांना पडदा दिसत नाहीये. ठाकुरपो, लावा सिनेमा."